एक परवलीचा शब्द, अनेक दारे

एखाद्या संस्थेत अनेक संगणक तारांनी जोडलेले असतील, तर प्रत्येकाला आपला परवलीचा शब्द सांगावा लागतो. तो तारेतून जाताना कोणी चोरला तर? अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८३ साली ‘अथीना’ प्रकल्प सुरू झाला, तेव्हा हाच पेच पडला. त्यातून ‘कर्बेरॉस’ पद्धत निघाली. (ग्रीक पुराणात पाताळाच्या दारावरील तीन डोक्यांच्या कुत्र्याचे हे नाव!)

हिच्यात ओळख एकदाच पटवायची. मग मध्यवर्ती संगणक प्रत्येक दारासाठी सांकेतिक लिपीतले तिकीट देतो. परवलीचा शब्द तारेतून जातच नाही.

पण तिकीटच चोरले तर? म्हणून त्याला मुदत असते, आणि ते दाखविताना वेळही कळवावी लागते. येथे घड्याळे आड येतात. दोन संगणकांच्या घड्याळांत साधारण पाच मिनिटांहून अधिक फरक पडला, की खरा माणूसही दाराबाहेर!

सर्वांत चिवट काम मात्र निराळेच. प्रत्येक जुन्या आज्ञावलीला तिकीट वाचायला शिकवावे लागते. काही शिकतच नाहीत. त्यांच्यापुरता जुना परवलीचा शब्द राहतोच. आणि मध्यवर्ती संगणक बंद पडला तर? सारीच दारे बंद! म्हणून त्याच्या नोंदींची प्रत दुसऱ्या संगणकावर ठेवतात, आणि त्या खोलीलाही साधे कुलूप लावतात.