इंजिनिअर, इतिहास आणि मिलोची भाकर

'इतिहासकार' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोण येतं? मोडी कागद वाचणारे, गडकिल्ले फिरणारे, नाहीतर शिवजयंतीला व्याख्यान देणारे कुणीतरी. इतिहासाचा आणि आपला संबंध दहावीच्या बोर्डाच्या पेपरला संपला, असंच आपण धरून चालतो. माझी शाळा तर कॉन्व्हेंट. आमच्या पुस्तकात अमेरिका यायची ती बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या फेकण्यापुरती, आणि नंतर एकदम दुसऱ्या महायुद्धात. मधल्या काळात अमेरिकेचं आपल्याकडे काही येणं-जाणं होतं का, हा प्रश्न तिथे कुणाला पडला नाही. मलाही नाही.

पण इतिहासाची एक शाखा नेमका हाच प्रश्न घेऊन बसलेली आहे. अमेरिका आणि आशियातले देश (जपान, चीन, फिलिपिन्स, व्हिएतनाम, भारत) यांच्या संबंधांचा अभ्यास हे त्या शाखेचं काम. त्यात फक्त राष्ट्राध्यक्ष, राजदूत आणि तह एवढंच असेल असं वाटतं. तसं नाही. या लेखात अशा दोन अभ्यासकांची ओळख करून देते. एक जण आधी आपल्यासारखा इंजिनिअर होता. दुसऱ्याचा विषय थेट आपल्या आजी-आजोबांच्या ताटापर्यंत पोचतो.

आयबीएम सोडून इतिहासाकडे

रॉस बॅसेट हे नाव आपल्यापैकी फार कुणी ऐकलं नसेल. हे गृहस्थ आयबीएममध्ये इंजिनिअर होते. चांगली नोकरी. ती सोडून त्यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात इतिहासात पीएच.डी. केली आणि पुढे नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीत इतिहास शिकवू लागले. २००२ साली त्यांचं पहिलं पुस्तक आलं, ते मॉस तंत्रज्ञानाच्या इतिहासावर. म्हणजे आपण इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरला ज्याची आकृती काढून मार्क मिळवतो, तो मॉसफेट प्रयोगशाळेतून बाजारात कसा आला, त्याची हकिगत. इंजिनिअरिंग सोडलं म्हणून ते ज्ञान वाया गेलं नाही, उलट तेच भांडवल झालं!

त्यांचं दुसरं पुस्तक २०१६ साली आलं, 'द टेक्नॉलॉजिकल इंडियन'. बोस्टनची प्रसिद्ध मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे आपली एमआयटी, हिच्यातून शिकून बाहेर पडलेल्या भारतीयांचा हा इतिहास. संस्थेच्या स्थापनेपासून २००० सालापर्यंत तिथे पदवी मिळवलेल्या प्रत्येक भारतीयाची त्यांनी यादी केली आणि त्या डेटाबेसवर पुस्तक उभं केलं. यादीतलं एखादं नाव काहीच सांगत नाही. पण सगळी नावं ओळीने मांडली की दिसायला लागतं, कोणत्या वर्षी, कोणत्या गावातून, कोणत्या शाखेला मुलं गेली आणि परत येऊन त्यांनी काय केलं. आपण सर्व्हेचे रीडिंग घेऊन ग्राफ काढतो, त्यातलाच प्रकार.

पुणे ते बोस्टन

या गोष्टीची सुरुवात होते आपल्या महाराष्ट्रातच. १८८१ साली टिळक-आगरकरांनी पुण्यात मराठीतून 'केसरी' आणि इंग्रजीतून 'मराठा' सुरू केला. त्या दशकात 'मराठा'च्या अंकांत चक्क एमआयटीबद्दल मजकूर येत होता. आणि १८८२ साली पुण्याचे केशव मल्हार भट हे एमआयटीत दाखल झाले. तिथे शिकायला गेलेले ते पहिले भारतीय. आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाल्या त्या १८८३ साली, म्हणजे भटांच्या नंतर. आनंदीबाई आपल्याला माहीत आहेत आणि माहीत असायलाच हव्यात. पण इंजिनिअरिंग कॉलेजात चार वर्षं काढून आपण केशव मल्हार भट हे नाव एकदाही ऐकत नाही, याची गंमत वाटते.

प्रश्न पडेल की पुण्यात इंजिनिअरिंगचं शिक्षण नव्हतं का? होतं, १८५४ पासून होतं. पण सरकारला हवे होते रस्ते, कालवे, इमारती सांभाळणारे पीडब्ल्यूडीचे दुय्यम अधिकारी. कारखाना कसा काढायचा हे शिकायचं तर दुसरीकडे बघणं भाग होतं, आणि जे इंग्लंड राज्य करत होतं तिकडे बघण्यापेक्षा अमेरिका बरी, असं काही लोकांना वाटू लागलं.

पुढचं उदाहरण तळेगावचं. अंताजी दामोदर काळे यांनी 'पैसा फंड' काढला, म्हणजे दर माणसाने वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभा करायचा. या फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. तिथे काम शिकवायला आले ईश्वरदास वार्ष्णेय. त्यांनी काचकाम शिकलं होतं जपान आणि अमेरिकेत. पैसा खेड्यापाड्यातल्या माणसाचा आणि विद्या परदेशातली! स्वदेशी म्हणजे दारं बंद करून बसणं, अशी आपली समजूत असेल तर ती इथे सैल होते.

आणखी एक नाव आहे बाळ कालेलकर, साताऱ्यात जन्मलेल्या काकासाहेब कालेलकरांचे चिरंजीव. १९३० साली ते गांधीजींबरोबर दांडीयात्रेत पायी चालले आणि पुढे एमआयटीत जाऊन इंजिनिअरिंग शिकले. चरखा आणि एमआयटी एका माणसात बसू शकतात, हे बॅसेट यांना यादीतल्या नावांमागे जाऊन शोधल्यामुळे दाखवता आलं.

स्वातंत्र्यानंतर ही वाट रुंद झाली. आयआयटी कानपूरला १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षं नऊ अमेरिकन संस्थांनी मिळून मदत केली. १९६३ साली तिथे आयबीएम १६२० हा कॉम्प्युटर आला. १९६८ साली मुंबईत टीसीएस सुरू झाली. तिची सुरुवातीची मांडणी करणारे ललित कनोडिया आणि ती वाढवणारे फकीरचंद कोहली हे दोघेही एमआयटीत शिकलेले. कॅम्पसला टीसीएस येणार म्हटल्यावर ज्या ॲप्टिट्यूडच्या पुस्तकासाठी हॉस्टेलमध्ये मारामारी होते, त्याच्या मागे असा दीडशे वर्षांचा रस्ता आहे.

भूक मोजणारं यंत्र

आता दुसरे अभ्यासक, निक कलाथर. इंडियाना विद्यापीठातले हे इतिहासकार आधी अमेरिका-फिलिपिन्स संबंधांवर काम करत होते. २०१० साली त्यांचं 'द हंग्री वर्ल्ड' आलं. अमेरिकेने शीतयुद्धाच्या काळात आशियातल्या भुकेकडे कसं पाहिलं, हा त्याचा विषय.

त्यांनी सुरुवात कुठून करावी? कॅलरीमीटरपासून! १८९६ साली विल्बर ॲटवॉटर या अमेरिकन शास्त्रज्ञाने माणूस आत बसू शकेल एवढी खोली बांधली आणि खाल्लेल्या अन्नातून त्याच्या शरीरात किती उष्णता तयार होते ते मोजलं. त्यामुळे भाकरी, भात, मांस सगळं एकाच आकड्यात आलं. कलाथर म्हणतात ते थोडक्यात असं की भुकेला आकडा मिळाला, मग देशादेशांची भूक मोजता आली, आणि मोजता आली म्हणून तिच्यावर परराष्ट्र धोरण आखता आलं.

त्या धोरणातला सर्वात मोठा भाग म्हणजे पीएल ४८० हा कायदा. जुलै १९५४ मध्ये तो झाला. अमेरिकेत धान्याची कोठारं भरून वाहत होती, ते धान्य गरजू देशांना त्यांच्याच चलनात विकायची सोय त्यात होती. भारताने ऑगस्ट १९५६ मध्ये पहिला करार केला. १९६५ आणि १९६६ असे लागोपाठ दोन दुष्काळ पडले तेव्हा अध्यक्ष जॉन्सन यांनी जहाजं मुद्दाम थोडी थोडी सोडली, म्हणजे भारताने आपलं शेतीचं धोरण बदलावं. उपाशी माणसाशी व्यवहार करताना हात कुणाचा वर असतो, हे सांगायला नको.

आपण दिलेले रुपये इथेच अमेरिकेच्या खात्यात साठत गेले. त्यातल्याच रुपयांतून १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकन विद्यापीठांच्या ग्रंथालयांना पाठवली गेली. त्यात मराठी पुस्तकंही होती. तिकडून गहू आला, इकडून कादंबऱ्या गेल्या! शेवटी फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेचे राजदूत मॉयनिहान यांनी या साठ्यातल्या १६६४ कोटी रुपयांचा चेक भारत सरकारला परत दिला. जगातला सर्वात मोठा चेक म्हणून त्याची तेव्हा नोंद झाली.

आजीची साक्ष

आता आपल्या बीड जिल्ह्याकडे येऊ. बहात्तरचा दुष्काळ आपल्या घराघरात अजून बोलला जातो. त्यात एक शब्द हमखास येतो, मिलो. म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. माझी आजी सांगते, "मिलूची भाकर थापाया गेलं की चिरायची. अमेरिकेनं फुकट धाडली व्हती, म्हणून तसली."

इतिहासकार इथे काय करील? आजीवर अविश्वास दाखवणार नाही, आणि तिचं वाक्य तसंच छापणारही नाही. तो तारखा बघेल. बांगलादेश युद्धाच्या वेळी अमेरिकेशी बिनसलं आणि पीएल ४८० खालची सवलतीची आयात १९७१ च्या अखेरीस थांबली. १९७२-७३ मध्ये मदत संस्थांमार्फत काही खाद्य येत होतं, पण सरकारने धान्य घेतलं ते रोख पैसे मोजून, आणि तेही रशियाने प्रचंड खरेदी केल्यामुळे भाव चढलेल्या बाजारात. मग मी आजीला दुसरा प्रश्न विचारला, "मिलो घरी कशी यायची?" ती म्हणाली, "रेशनच्या दुकानातून. खडी फोडल्याचा पगार झाला की आणायची."

म्हणजे फुकट नव्हती! मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले आणि त्या मजुरीतून मिलो विकत घेतली. पन्नास वर्षं आजी ज्याला अमेरिकेची दया समजत होती, ती तिच्या घामाची खरेदी होती. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मंग नीट तरी द्यायची व्हती."

दुसरं उदाहरण हॉस्टेलच्या मागेच आहे, गाजर गवत. पीएल ४८० च्या गव्हातून ते भारतात आलं, असं सगळे सांगतात. पण पुण्यात या गवताची रोपं १९५१ च्या सुमारास दिसली होती आणि १९५६ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात त्याची नोंदही छापून आली. पीएल ४८० चा आपला पहिला करारच १९५६ चा. करार व्हायच्या आधी त्याचा गहू कसा येईल? अमेरिकन गहू त्याआधी १९५१ च्या कर्जातूनही आला होता, तेव्हा दोष द्यायचाच तर नीट तपासून द्यावा लागेल. दोन तारखा शेजारी ठेवल्या की ऐकीव गोष्ट कशी हलते, ते बघा.

हे काम करायचं तर

कुणाला या वाटेने जावंसं वाटलं तर बी.ई. झाल्यावरही इतिहासात एम.ए. करता येतं, बऱ्याच विद्यापीठांत कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जुनी कागदपत्रं १८६१ पासून खंडांच्या रूपाने छापली जातात आणि ती इंटरनेटवर फुकट वाचता येतात. जॉन्सन यांचे कागद ऑस्टिनला, आपल्या सरकारचे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे आपले जुने कागद हैदराबादला आणि पुष्कळसे उर्दूत. बहात्तरसाठी अनंत भालेरावांच्या 'मराठवाडा' दैनिकाचे अंक चाळावे लागतील. मराठी, इंग्रजी आणि थोडी उर्दू, एवढ्या भाषा आल्या तर इथल्या मुलाला जे वाचता येईल ते अमेरिकेतल्या प्राध्यापकाला सहज वाचता येणार नाही.

कागद थांबतील, माणसं थांबणार नाहीत. बहात्तर साली वीस वर्षांचं असलेलं माणूस आज सत्तरीच्या पुढे आहे. म्हणून एक विनंती आहे. या सुट्टीत घरी गेल्यावर मोबाईलचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि घरातल्या नाहीतर शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला तीन गोष्टी विचारा: दुष्काळात कोणत्या कामावर होतात, मजुरी किती मिळायची, आणि मिलो कुठून, किती पैशाला आणायचात? गावाचं नाव आणि तारीख लिहायला विसरू नका. सांगणाऱ्याची परवानगी घेऊन लिहिलेली पानं मॅगझिनच्या मराठी विभागाकडे आणून द्या. पुढच्या अंकात तालुक्याप्रमाणे तक्ता करून छापायचा विचार आहे, आणि त्यात एकाही तालुक्याची ओळ रिकामी राहू नये.