भाडे आणि घराची खरी किंमत

घर भाड्याने घेताना माणूस प्रथम एकच प्रश्न विचारतो: भाडे किती? हा प्रश्न स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे. भाडे ही घराच्या किमतीचा केवळ उघड भाग असते. उरलेला भाग घरात राहू लागल्यावर हळूहळू प्रकट होतो. दार्जिलिंगसारख्या थंड गावी हा छुपा भाग म्हणजे हिवाळ्यातील सरपण, कोळसा किंवा विजेची शेगडी. कोलकात्याचा हिवाळा सौम्य असतो. तेथे ऊब विकत घ्यावी लागत नाही. तथापि पाऊस, ओल, उकाडा, पाणी आणि कायदा हे पाच घटक त्या शहरात आपापला वाटा वसूल केल्यावाचून राहत नाहीत.

पहिला खर्च घरात पाऊल टाकण्यापूर्वीचा. मुंबईकर ज्याला पागडी म्हणतात, त्यालाच कोलकात्यात ‘सेलामी’ म्हणतात. तिचा उगम घरांच्या टंचाईत आहे. पहिल्या महायुद्धानंतर, 1920 साली, कोलकात्यासाठी भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. पुढे दुसरे महायुद्ध आले. 1947 च्या फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे आले. घरे थोडी आणि माणसे फार, अशी अवस्था झाली. 1956 च्या कायद्याने भाडेकरूस संरक्षण दिले आणि भाड्याखेरीज अधिक रक्कम घेण्यास मनाई केली. परंतु टंचाई कायद्याने नाहीशी होत नाही. भाडे बांधले गेले, तेव्हा उरलेली किंमत सेलामीच्या रूपाने एकरकमी आणि पावतीवाचून वसूल होऊ लागली. महाराष्ट्राने 1999 च्या कायद्यात पागडीचा व्यवहार मान्य केला. पश्चिम बंगालच्या 1997 च्या कायद्याने मात्र मनाईच कायम ठेवली. म्हणून सेलामी देणाऱ्या भाडेकरूच्या हाती पुढे पुरावा म्हणून काहीच राहत नाही.

हा 1997 चा कायदा 2001 पासून अमलात आला. कोलकाता महानगरपालिकेच्या हद्दीत दरमहा 6,500 रुपयांहून अधिक भाड्याची राहती घरे त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली. जी घरे कक्षेत आहेत, त्यांच्या भाडेकरूने भाड्याव्यतिरिक्त देखभालीपोटी भाड्याच्या 10 टक्के रक्कम द्यावी आणि भोगवटादार म्हणून महानगरपालिकेच्या कराचा आपला हिस्साही भरावा, असे त्यात म्हटले आहे. ‘भाडे एवढेच’ असे समजणाऱ्या भाडेकरूला ही दोन कलमे बहुधा पहिल्या तंट्याच्या वेळी कळतात.

कक्षेबाहेरच्या घरांत सर्व काही करारावर अवलंबून असते. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. म्हणून करार 11 महिन्यांचा करण्याची प्रथा पडली आहे. महाराष्ट्रात मुदत कितीही असो, लेखी करार करून त्याची नोंदणी करणे सक्तीचे आहे. ही सवय असलेल्या मराठी कुटुंबाने कोलकात्यात गेल्यावर हा फरक ध्यानात ठेवावा. आखूड मुदतीची किंमत आकड्यांत मांडून पाहता येते. समजा, एका घराचे भाडे 12,000 रुपये आहे. दलालाला एक महिन्याचे भाडे दिले, तर 11 महिन्यांत विभागून ते दरमहा सुमारे 1,091 रुपये होते. तीन महिन्यांची अनामत, म्हणजे 36,000 रुपये, मालकाकडे बिनव्याजी पडून राहते. वर्षाला 6 टक्के दराने बुडालेले व्याज दरमहा 180 रुपये भरते. सामानाची ने-आण आणि घर सोडताना करून द्यावयाची रंगसफेदी यांना 5,500 रुपये लागले, तर दरमहा 500 रुपये झाले. इमारतीचा पहारेकरी, जिन्यातील दिवे व झाडलोट यांचे 1,000 रुपये धरावेत. एकूण रक्कम 14,771 रुपये होते, म्हणजे सांगितलेल्या भाड्यापेक्षा सुमारे 23 टक्के जास्त.

यात वीज व पाणी अद्याप आलेले नाही. हुगळीचे पाणी पलता येथे शुद्ध होऊन टाला येथील 1911 सालच्या उंच पोलादी टाकीकडे येते आणि तेथून शहराच्या मोठ्या भागाला पुरविले जाते. पाणी ठरावीक वेळी येते. म्हणून घरोघर तळटाकीत साठवून ते पंपाने गच्चीवर चढवावे लागते. या पंपाच्या विजेचे बिल भाडेकरूंत वाटले जाते. विजेचा दर वापराबरोबर टप्प्याटप्प्याने चढतो. एकाच मीटरवर तीन कुटुंबे असली की एकूण वापर वरच्या टप्प्यात जातो, आणि काटकसरीने राहणाऱ्यालाही चढा दर पडतो. गच्चीखालची खोली स्वस्त मिळते, परंतु एप्रिल-मेमध्ये तापलेल्या छताखाली पंख्याने भागत नाही. वाचलेले भाडे विजेच्या बिलात जाते.

तळमजल्याचा हिशेब वेगळा आहे. गंगेच्या गाळावर वसलेले हे शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच आहे. ठनठनिया, कॉलेज स्ट्रीट या भागांत जोराच्या सरीनंतर पाणी साचणे नित्याचे आहे. जुन्या विटांच्या भिंती जमिनीतील ओल शोषून घेतात. भिंतीला लोणा लागतो आणि चुना पापुद्र्यांनी गळून पडतो. बंगालीत यालाच ‘नोना धरा’ म्हणतात. दर दोन वर्षांनी गिलावा करावा लागणे, कपाटातील कपड्यांना बुरशी धरणे, पुस्तके कुजणे, मुलांचा खोकला न हटणे, यांची नोंद कोणत्याही करारात नसते. 23 सप्टेंबर 2025 च्या पहाटेपर्यंत एका रात्रीत शहरात 250 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला आणि साचलेल्या पाण्यात विजेचा धक्का बसून अनेक माणसे दगावली. जिन्याखाली, हाताच्या उंचीवर बसविलेला मीटर हा म्हणूनच केवळ गैरसोयीचा विषय नाही.

सर्वांत जड किंमत मात्र सर्वांत कमी भाड्याच्या घरात द्यावी लागते. उत्तर कोलकात्यात दोन-तीन पिढ्या एकाच खोलीत राहणारी कुटुंबे आहेत. भाडे नाममात्र, त्यातून मालकाला दुरुस्ती परवडत नाही, किंवा ती करण्यात त्याला स्वारस्य राहत नाही. मालक दुरुस्ती करीत नसल्यास भाडेकरू नियंत्रकाकडे दाद मागू शकतो आणि परवानगीने दुरुस्ती करून ठरावीक मर्यादेत खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण भाडेच शे-दोनशे रुपये असेल, तर तुळई बदलण्याचा खर्च फिटण्यास किती वर्षे लागतील? मालकाने भाडे नाकारले, तर थकबाकीदार ठरू नये म्हणून भाडेकरूला ते दरमहा नियंत्रकाकडे भरावे लागते. त्यात कामाचे दिवस जातात. महानगरपालिका इमारतीवर ‘विपज्जनक बाड़ी’, म्हणजे धोकादायक घर, अशी पाटी लावते. तरीही माणसे आत राहतात. दुरुस्तीसाठी एकदा बाहेर पडलो, तर ताबा परत मिळणार नाही, ही त्यांची भीती असते. स्वस्त भाड्याच्या मोबदल्यात येथे जीव गहाण पडलेला असतो. मालकाला लोभी अथवा भाडेकरूला हट्टी ठरवून याचा उलगडा होत नाही. कायद्याने भाडे गोठविले. चुना, लोखंड आणि मजुरी यांचे दर गोठले नाहीत. मधली तफावत कोणी तरी भरतेच, आणि पैशाने भरली नाही, तर इमारत ती आपल्या आयुष्याने भरते.

म्हणून घर पाहावे ते पावसाळ्यात. भिंतीला हाताचा तळवा लावून ओल तपासावी. मीटर स्वतंत्र आहे का आणि तो किती उंचीवर आहे, पाणी किती वाजता येते, पंपाचे बिल कसे वाटले जाते, महानगरपालिकेचा कर कोण भरतो, अनामत कोणत्या अटींवर परत मिळेल, हे लेखी घ्यावे आणि प्रत्येक रकमेची पावती जपून ठेवावी. या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यानंतर जी बेरीज होईल, तेच त्या घराचे भाडे होय.