आजोबांचा संगणक

फिनलंड हा उत्तर युरोपातील एक लहानसा देश. हिवाळ्यात तेथे बर्फ पडते आणि डिसेंबरमध्ये हेलसिंकी या राजधानीत दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. याच शहरात २८ डिसेंबर १९६९ रोजी लिनस टोरवाल्ड्स याचा जन्म झाला. त्याच्या आईचे वडील लिओ टर्नक्विस्ट हे हेलसिंकी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. आकडेमोड हा त्यांचा नित्याचा व्यवसाय होता.

१९८१ च्या सुमारास आजोबांनी ‘व्हिक-२०’ नावाचा एक लहान संगणक घरी आणला. दिसायला तो म्हणजे केवळ एक जाडसर कळफलक! पडद्याऐवजी त्याला दूरचित्रवाणीचा संच जोडावा लागे. संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे हे सांगणाऱ्या आज्ञांच्या मालिकेला आज्ञावली म्हणतात. आजोबा आपल्या आज्ञावली कागदावर लिहून काढीत. परंतु कळफलकाशी त्यांचे फारसे जमत नसे. मग ते अकरा वर्षांच्या नातवाला मांडीवर बसवीत आणि तो कागद पाहून एकेक अक्षर दाबीत जाई.

त्या आज्ञांचा अर्थ लिनसला प्रथम कळत नसे. तथापि एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. एखादे अक्षर चुकले की संगणक पुढे जात नसे. चूक झाली आहे एवढेच तो पडद्यावर दाखवी. तो रागावत नसे, तसा मनाने काही समजूनही घेत नसे. चूक शोधून दुरुस्त केली की तेच यंत्र निमूटपणे काम करू लागे.

१९८३ मध्ये आजोबा निवर्तले आणि तो संगणक लिनसकडे आला. आता कागदावर आज्ञा लिहून देणारे कोणी नव्हते. यंत्र सुरू केले की ‘मी तयार आहे’ अशा अर्थाचा एक इंग्रजी शब्द पडद्यावर उमटे आणि त्याखाली एक चौकोन लुकलुकत राही. पुढे काय करावयाचे, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे! शिवाय त्या यंत्राची स्मृती अगदी तोकडी होती. आज्ञावलीसाठी तीत अवघ्या ३,५८३ अक्षरांची जागा मिळे आणि वीज बंद होताच सारे पुसले जाई. लिहिलेले जपून ठेवायचे तर ते ध्वनिफितीवर उतरवून घ्यावे लागे.

लिनसने यंत्रासोबत आलेल्या पुस्तिका वाचावयास घेतल्या आणि त्यांतील उदाहरणे एकामागून एक करून पाहिली. अशा उदाहरणांचा आरंभ अगदी सोपा असतो. दहाव्या क्रमांकाच्या ओळीत ‘नमस्कार असे लिही’ ही आज्ञा द्यावी आणि विसाव्या ओळीत ‘पुन्हा दहाव्या ओळीकडे जा’ असे सांगावे. एवढ्या दोन ओळींनी सारा पडदा नमस्कारांनी भरून जातो आणि थांबविल्यावाचून थांबत नाही. पुस्तकातील आज्ञा साधल्या, की त्यांत बदल करून पाहावा आणि मग स्वतःच्या लिहाव्या, हा क्रम लिनसला गवसला. पुढे तर तो यंत्राच्या मूळ भाषेत, म्हणजे नुसत्या अंकांत, आज्ञा लिहू लागला.

प्रत्येक संगणकाला एक कारभारी लागतो. स्मृती कोणाला किती द्यावयाची, पडद्यावर काय दाखवावयाचे, कोणते काम आधी करावयाचे, हे सारे तो पाहतो. या कारभारी आज्ञावलीला ‘ऑपरेटिंग सिस्टीम’ म्हणतात. जानेवारी १९९१ मध्ये विद्यापीठात शिकत असताना लिनसने हप्त्यांनी पैसे देण्याच्या बोलीवर एक नवा संगणक घेतला. त्यासाठी त्याने ‘मिनिक्स’ नावाची ऑपरेटिंग सिस्टीम मागविली. ॲमस्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी ती विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी रचली होती. सोळा चकत्यांवरून ती उतरवून घेऊन लिनस तिचा अभ्यास करू लागला.

यंत्र एकाच वेळी दोन कामे कशी करते, हे त्याला पाहावयाचे होते. त्याने दोन छोट्या आज्ञावली लिहिल्या. एक पडद्यावर सारखे ‘ए’ हे अक्षर लिही, दुसरी ‘बी’. पडद्यावर काही ‘ए’, मग काही ‘बी’, पुन्हा ‘ए’ अशा आलटून पालटून रांगा उमटू लागल्या. तोच प्रयोग वाढत वाढत स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टीमचे रूप घेऊ लागला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्स वापरणाऱ्यांना संगणकजालावरून कळविले, की आपण केवळ हौसेखातर अशी एक रचना करीत आहोत. सप्टेंबरमध्ये तिची पहिली आवृत्ती त्याने सर्वांसाठी खुली केली. तिलाच पुढे ‘लिनक्स’ हे नाव मिळाले.

त्याच वर्षाच्या अखेरीस एक अपघात घडला. दूरध्वनी जोडणाऱ्या उपकरणास द्यावयाची आज्ञा लिनसने चुकून माहिती साठविणाऱ्या चकतीलाच दिली आणि मिनिक्स पार बिघडून गेले! लिनक्सची जुळणी तोवर मिनिक्सच्याच आधाराने होत असे. मिनिक्स पुन्हा बसविणे हा सोपा मार्ग होता. परंतु आपली रचना आता स्वतःच्या पायांवर उभी राहू शकते, असे लिनसला वाटले आणि त्याने मिनिक्सकडे परत न जाण्याचे ठरविले.

पुढे देशोदेशींच्या जाणत्यांनी लिनक्समधील चुका दुरुस्त केल्या व तीत भर घातली. आज जगातील अतिवेगवान महासंगणक लिनक्सवर चालतात आणि अँड्रॉइडच्या भ्रमणध्वनींच्या अंतरंगातही तिचाच गाभा असतो. जुन्या, मंदावलेल्या संगणकांसाठी लिनक्सची हलकी रूपेही मिळतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेने लिनक्सच्या आधारे भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ ही प्रणाली सिद्ध केली आहे.

घरातील थोरांनी वापरून दिलेले यंत्र हाती आले, म्हणजे ते जुने आहे, त्याची रीत अनोळखी आहे, असे वाटून मन हिरमुसते. हेलसिंकीतील त्या मुलाच्या हाती आलेले यंत्र तर आजच्या भ्रमणध्वनीच्या तुलनेने अगदीच दुबळे होते. परंतु आजोबांनी त्याला केवळ यंत्र दिले नव्हते. कागदावरचे एकेक अक्षर लक्षपूर्वक पाहावे आणि चुकले तर पुन्हा करावे, ही सवयही त्यांनीच त्याला लावली होती.

स्वाध्याय

१. आजोबा लिनसला मांडीवर बसवून कोणते काम करून घेत? त्यातून तो काय शिकला?
२. ऑपरेटिंग सिस्टीमला ‘कारभारी’ का म्हटले आहे?
३. मिनिक्स बिघडल्यावर लिनसपुढे कोणते दोन मार्ग होते? त्याने कोणता निवडला व का?
४. तुमच्या घरातील थोरांकडून तुमच्याकडे आलेल्या एखाद्या वस्तूविषयी दहा ओळी लिहा.