शील धरा, पण अंगातली साखर सांभाळा



वर्षावासातली पौर्णिमा होती. सावेडीत आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळची वंदना चालू होती. एक मावशी अष्टशील घेऊन पुढच्या रांगेत बसल्या होत्या. मधुमेहाची संध्याकाळची गोळी त्यांनी रोजच्या वेळेला घेतली होती, पण दुपारी बारानंतर पोटात काही नव्हतं. बघता बघता त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. सुनेने साखरेचं पाणी पुढे केलं, तर मावशींनी तोंड फिरवलं. "शील मोडणार नाही गं!"

मी जवळ बसून म्हटलं, "मावशी, हे जेवण नाही, औषध आहे." तेव्हा कुठे त्यांनी पेला तोंडाला लावला. पाव तासाने त्यांना हुशारी आली.

घरी जाताना त्यांनी विचारलं, "ताई, आसक्ती सुटावी म्हणूनच उपोसथ धरला ना? मग चुकलं कुठं?"

प्रश्न साधा नाही. तृष्णा सोडायची, तर सोडण्याची इच्छा तरी धरावीच लागते. कोसंबीच्या घोसितारामात उण्णाभ नावाच्या ब्राह्मणाने आनंदांना हेच विचारलं होतं: इच्छेने इच्छा कशी संपेल? आनंदांनी उलट विचारलं, इथे येण्याआधी तुला यायची इच्छा होती, आल्यावर ती उरली का? उण्णाभाला पटलं. चांगली इच्छा माणसाला मुक्कामाला पोचवते आणि तिथेच शांत होते.

अलगद्दूपम सुत्तात भगवंतांनी तराफ्याचा दाखला दिला आहे. नदी ओलांडेपर्यंत तराफा घट्ट धरायचा, पण पैलतीराला लागल्यावर तो डोक्यावर घेऊन चालायचं नाही. शीलही पार होण्यासाठी आहे. नियम कशासाठी हे विसरून नुसत्या नियमालाच चिकटून बसण्याला धम्मात 'सीलब्बतपरामास' म्हणतात. दहा संयोजनांपैकी, म्हणजे बंधनांपैकी, ते एक आहे.

भगवंतांनी आजाऱ्याचा विचार आधीच केला होता. विनयातल्या महावग्गात आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधं विकाळीही घ्यायला परवानगी आहे. भिक्खूंना जी मुभा, ती आपल्या मावशींना का नसावी?

आता दुसरी बाजू. "देहाची आसक्ती उरली नाही" असं म्हणून बीपीच्या गोळ्या बंद करणारेही मला वस्तीत भेटतात. ही अनासक्ती नव्हे, हेळसांड आहे. त्याची किंमत पक्षाघाताच्या रूपाने सगळं घर मोजतं. सिद्धार्थाने देह झिजवून पाहिला, त्यातून काही साधलं नाही, तेव्हा सुजाताची खीर स्वीकारली. बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता. औषधोपचार घेत घेतच त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहून पूर्ण केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंना दीक्षा दिली.

उपोसथ धरणाऱ्यांनी एवढं करावं:

१. इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल, तर पौर्णिमेच्या काही दिवस आधीच डॉक्टरांना विचारा. डोस स्वतःच्या मनाने कमी करू नका, बंदही करू नका.

२. गरोदर बाई, इन्सुलिन घेणारे, मूत्रपिंडाचा आजार असणारे आणि टीबीचं औषध चालू असणारे यांनी उपाशी राहू नये. पंचशील पाळावं, दान द्यावं, ध्यानाला बसावं.

३. घाम, थरथर, धडधड, चक्कर, बरळणं ही साखर उतरल्याची लक्षणं. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा आला तर थांबू नका. तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या. नंतर भाकरी-भात खा.

४. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

५. विहारात साखरेचा डबा आणि प्यायचं पाणी ठेवा. वंदनेला बसण्याआधी कोणाला मधुमेह आहे ते विचारून घ्या.

६. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने बीपी आणि शुगर सरकारी दवाखान्यात तपासून घ्यावी.

पुढच्या पौर्णिमेला मावशी विहारात आल्या. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या संध्याकाळी वेळेवर जेवल्या होत्या, पंचशील घेतलं आणि वंदना संपेपर्यंत ताठ बसल्या. जाताना म्हणाल्या, "ताई, आज तराफा हातात होता, डोक्यावर नव्हता."

नमो बुद्धाय.