डिपेंडन्सी इंजेक्शन: फुकटच्या कंटेनरचा खर्च किती?

जावास्क्रिप्टसाठी अविलिक्स, इन्व्हर्सिफाय आणि मायक्रोसॉफ्टचे टीसिरिंज ही तिन्ही कंटेनर पॅकेजे, म्हणजे क्लासना लागणाऱ्या गोष्टी आपोआप जोडून देणारी, एमआयटी लायसन्सखाली मिळतात. कंपनीच्या कामातही एक रुपया मोजावा लागत नाही. खर्च येतो तो बसवताना आणि सांभाळताना.

पॅकेजशिवाय
समजा, एक ऑर्डर-सर्व्हिस आहे. तिने डेटाबेस आणि मेलर स्वतः तयार करू नयेत, कन्स्ट्रक्टरमधून घ्यावेत. सगळी जोडणी मेन फाइलमध्ये एकाच जागी करा. टेस्टमध्ये खऱ्या मेलरऐवजी नकली मेलर दिला की काम झाले. ही जोडणी एका स्क्रीनवर मावते तोवर कंटेनर घेऊच नका.

अविलिक्स
बसवायला सर्वांत स्वस्त. डेकोरेटर नाहीत, साध्या जावास्क्रिप्टवर चालते. क्लासिक मोड मात्र पॅरामीटरच्या नावांवरून जोडणी करतो. मिनिफायरने नावे आखूड केली की ती तुटते. मूळचा प्रॉक्सी मोडच ठेवा.

इन्व्हर्सिफाय, टीसिरिंज
टाइपस्क्रिप्टवाल्यांसाठी. रिफ्लेक्ट-मेटाडेटा बसवावे लागते आणि टीएसकॉन्फिगमध्ये डेकोरेटरचे पर्याय चालू करावे लागतात. ईएसबिल्ड टाइपचा मेटाडेटा काढून देत नाही. तुमचा बिल्ड त्यावर असेल तर टाइपवरून आपोआप जोडणी विसरा, टोकन, म्हणजे नोंदणीची ओळख, हाताने लिहा. इंटरफेस तर कोड चालताना उरतच नाहीत. त्यांना टोकन लागतेच.

नेस्टजेएस, अँग्युलर
यांच्यात कंटेनर आधीच आहे, दुसरा आणू नका. नेस्टमध्ये रिक्वेस्ट स्कोप जपून वापरा: दर रिक्वेस्टला नवा ऑब्जेक्ट बनतो आणि त्यावर अवलंबून असलेले क्लासही त्याच स्कोपमध्ये ओढले जातात.

खरा फटका: लाइफटाइम
अविलिक्समध्ये काही न सांगता क्लास नोंदवला तर तो ट्रान्झियंट असतो, म्हणजे मागाल तेव्हा नवा. डेटाबेस पूल असा नोंदवलात तर दरवेळी नवा पूल उघडतो आणि कनेक्शन संपतात. पूल सिंगलटनच हवा, म्हणजे एकदाच बनून सगळ्यांना तोच मिळणारा. याच्या उलट, लॉग-इन केलेला युजर सिंगलटनमध्ये साठवलात तर एका ग्राहकाची माहिती दुसऱ्याला दिसू शकते.

घेण्याआधी तपासा
नोंदणी राहून गेली तर टाइपस्क्रिप्ट सहसा ओरडत नाही. चूक कोड चालतानाच कळते. म्हणून नोंदवलेली प्रत्येक सर्व्हिस एकदा मागून पाहणारी टेस्ट लिहा आणि डिप्लॉयआधी चालवा. तिच्यासाठी वेळ काढता येत नसेल, तर जोडणी हातानेच केलेली परवडते.