फॉर्मवर ‘होय’ लिही

चि. बाळू यास,


ताईचा फोन आला होता. कंपनी तुला टोरांटोला पाठवतेय, हे ऐकून बरं वाटलं. पण व्हिसाच्या फॉर्मवर गुन्ह्याच्या रकान्यात एजंट ‘नाही’ लिहायला सांगतोय, हे कळल्यावर राहवलं नाही.

‘दंडावर सुटलास म्हणजे शिक्षा नाहीच’, हे त्याचं म्हणणं साफ खोटं आहे. दोषी ठरल्याशिवाय दंड होत नाही. शिवाय कॅनडाचा फॉर्म नुसतं शिक्षेचं विचारत नाही. अटक झाली होती का, आरोप ठेवले होते का, हेही विचारतो. निर्दोष सुटलेल्यालाही तिथे ‘होय’च लिहावं लागतं. लपवलेलं उघडं पडलं तर कॅनडा 5 वर्षं बंद. ब्रिटनला फसवलं तर 10 वर्षांपर्यंत, आणि अमेरिकेत खास माफी मिळाली नाही तर जन्मभर. एजंटचं काय जातंय?

तुझी खरी अडचण वेगळीच आहे. विसर्जनाच्या मारामारीत तुझ्या हातात काठी होती, म्हणून भादंवि 324 लागलं. आपल्याकडे त्याला जास्तीत जास्त 3 वर्षं. तुझं कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंडावर भागलं. कॅनडाचा अधिकारी मात्र तुला काय शिक्षा झाली ते बघत नाही. तेच कृत्य त्यांच्याकडे केलं असतं तर कायद्याने किती शिक्षा होऊ शकली असती, ते बघतो. हत्याराने मारहाणीला तिथे कमाल 10 वर्षं आहेत. त्यामुळे किरकोळ गुन्ह्यांना 10 वर्षांनी जी आपोआप सूट मिळते, ती तुला मिळायची नाही. पुनर्वसनाचा वेगळा अर्ज करावा लागेल. शिक्षा पुरी झाल्यावर 5 वर्षांनी तो करता येतो. तुझी ती केव्हाच उलटली.

कोर्टाच्या नक्कल विभागातून निकालपत्राची सही-शिक्क्याची नक्कल काढ. दंडाची पावती शोध. दंड भरल्याशिवाय शिक्षा पुरी झाली असं धरत नाहीत. निकाल मराठीत आहे, तेव्हा इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र लागेल. 1 जुलै 2024 पासून भादंविच्या जागी भारतीय न्याय संहिता आली म्हणून नवा क्रमांक टाकू नकोस. निकालात आहे तेच कलम लिही. आणि खुलाशाच्या पत्रात समोरच्या मंडळाने काय केलं ते उगाळत बसू नकोस. तू काय केलंस, त्यानंतर कसा वागलास, एवढंच लिही.

पुनर्वसनाच्या अर्जाच्या निकालाला वर्षाहून जास्त लागू शकतं. तातडीचा तात्पुरता परवाना असतो, पण तो देणं-न देणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर. टोरांटोचं मार्चमधलं काम बहुधा हुकेल. ते साहेबांना या आठवड्यातच सांग, म्हणजे त्यांना दुसरा माणूस बघता येईल.

तुझा,
मामा