भाडेकरूसकट घर घेतेयस? मग आधी हे ऐक

अगं, लीथच्या त्या फ्लॅटचे फोटो पाहिले. छत उंच, खिडक्या मोठ्या, ट्रॅम जवळ, आणि किंमत आजूबाजूच्या फ्लॅट्सपेक्षा बरीच कमी. ती कमी का, ते जाहिरातीच्या तळाशी एका ओळीत लिहिलंय: ‘टेनंट इन सिटू’. म्हणजे आत भाडेकरू राहतोय आणि घर त्याच्यासकट विकायचंय. एजंट तुला म्हणाला, “तीन महिन्यांची नोटीस दिली की झालं, मग तुम्ही राहायला या.” तेवढ्या शब्दावर ऑफर टाकू नकोस. थोरली म्हणून सांगते, राग आला तरी चालेल.

मुळात तू काय विकत घेतेयस ते नीट समजून घे. इथे स्कॉटलंडमध्ये घर विकलं गेलं म्हणून भाडेकरूचा करार संपत नाही. पहिला मालक बाजूला होतो आणि त्याच्या जागी तू येतेस. भाडं तेच, अटी त्याच, आणि मालकाने पाळायच्या जबाबदाऱ्याही त्याच. हे काही नवं खूळ नाही बरं. स्कॉटलंडच्या संसदेने १४४९ सालीच कायदा करून ठेवलाय की जमीन कोणीही विकत घेतली तरी ती कसणाऱ्या कुळाला कराराची मुदत संपेपर्यंत हलवता येणार नाही. शिवाजी महाराजांच्या जन्माआधी १८१ वर्षं! तो कायदा आजही रद्द झालेला नाही. पुढचे भाडेकायदे त्याच पायावर उभे राहिले.

म्हणून पहिला प्रश्न एकच विचार: भाडेकरू केव्हापासून राहतोय? उत्तरावर सगळं अवलंबून आहे.

१ डिसेंबर २०१७ ला किंवा त्यानंतर करार झाला असेल, तर तो ‘प्रायव्हेट रेसिडेन्शियल टेनन्सी’. बहुतेक हाच निघेल. आपल्याकडचा अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स डोक्यातून काढून टाक. या कराराला शेवटची तारीखच नसते, त्यामुळे “मुदत संपली, निघा” म्हणायची सोय नाही. भाडेकरूला काढायची १८ कारणं कायद्याने ठरवून दिली आहेत आणि त्यांतलंच एखादं दाखवावं लागतं. ‘मालक बदलला’ हे त्यात कुठेही नाही.

२ जानेवारी १९८९ ते नोव्हेंबर २०१७ या काळातला करार असेल, तर तो ‘अ‍ॅशुअर्ड’ किंवा ‘शॉर्ट अ‍ॅशुअर्ड’. दोन्हींत फरक पडतो तो एका कागदाने. करार होण्याआधी मालकाने ‘एटी५’ नावाचा फॉर्म भाडेकरूला दिला होता का, ते बघावं लागतं. तो दिलेला नसेल, तर शॉर्ट समजून घेतलेला करार पूर्ण अ‍ॅशुअर्ड निघू शकतो आणि भाडेकरूची बाजू आणखी भक्कम होते. आणि कोणी आजी-आजोबा १९८९ च्याही आधीपासून राहत असतील, तर ती ‘रेग्युलेटेड टेनन्सी’. तिथे भाडं सरकारी रेंट ऑफिसर ठरवतो आणि भाडेकरू वारला तरी हक्क त्याच्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे जाऊ शकतो. गिरगावातली पागडीची घरं आठवतात ना? ती जशी स्वस्त दिसतात, तशीच ही दिसतात, आणि कारणही तेच.

आता एजंटच्या तीन महिन्यांकडे येऊ. तुला स्वतःला राहायचंय, हे त्या १८ कारणांपैकी एक आहे, हे खरं. पण ते कारण दाखवायला आधी तू मालक व्हायला हवंस, आणि तिथे किमान तीन महिने मुख्य घर म्हणून राहायचा तुझा खरा इरादा हवा. भाडेकरू सहा महिन्यांहून जास्त काळ राहत असेल, तर त्याला ८४ दिवसांची ‘नोटीस टू लीव्ह’ द्यावी लागते. एजंट म्हणतो ते तीन महिने हेच. ते संपले आणि भाडेकरू गेला नाही, तर तुला हाउसिंग ट्रायब्युनलकडे अर्ज करावा लागेल. २०२२ पासून कारण सिद्ध झालं तरी ट्रायब्युनल वेगळं बघतं, की या माणसाला आत्ता बाहेर काढणं वाजवी आहे का. भाडेकरूची लहान मुलं, आजारपण, दुसरं घर मिळण्याची शक्यता, सगळं तोलतात. यात महिनोन्‌महिने जातात आणि निकाल तुझ्याच बाजूने लागेल याची हमी नाही. तोवर तू आत्ताच्या घराचं भाडं भरणार आणि नव्या कर्जाचे हप्तेही.

आणि राहायचं नसताना राहायचंय असं सांगून कोणाला काढलंस, तर ट्रायब्युनल तुला सहा महिन्यांच्या भाड्यापर्यंतची रक्कम भाडेकरूला द्यायला लावू शकतं. तू असलं करणार नाहीस, मला माहीत आहे. पण “असं लिहून टाका, कोण बघतंय” म्हणणारे सल्लागार भेटतील, म्हणून सांगितलं.

कर्जाचंही ऐक. साधं गृहकर्ज तू तिथे राहणार या बोलीवर मिळतं आणि ताब्याच्या दिवशी घर रिकामं असावं लागतं. भाडेकरू आत असेल तर बँक बाय-टू-लेट कर्ज घ्या म्हणणार. त्याचे नियम वेगळे, डाउनपेमेंट सहसा जास्त. भाडेकरूची गोष्ट बँकेपासून लपवायचा विचार मनातसुद्धा आणू नकोस.

आता जरा नाजूक विषय. बाबांनी पुण्याच्या फ्लॅटवर तुझं दुसरं नाव घातलंय ना? स्कॉटलंडमध्ये घर घेताना आपण एलबीटीटी, म्हणजे घरखरेदीवरचा कर, भरतो, आणि त्यावर ‘अ‍ॅडिशनल ड्वेलिंग सप्लिमेंट’ नावाचा जादा कर आहे. दुसरं घर घेणाऱ्याला तो लागतो, डिसेंबर २०२४ पासून पूर्ण किमतीच्या ८ टक्के. आणि पहिलं घर जगात कुठेही असलं तरी मोजतात. तुझ्या हिश्शाची किंमत ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त भरली, म्हणजे साधारण पन्नास लाख रुपयांच्या आसपास, की तो हिस्सा धरला जातो. नवरा-बायको एकच युनिट मानतात, म्हणजे सासरच्या नाशिकच्या घरात जावईबापूंचं नाव असेल तर तेही आलं. २,५०,००० पौंडांच्या फ्लॅटवर नेहमीचा कर २,१०० पौंड होतो आणि हा जादा कर तब्बल २०,००० पौंड. भाडेकरूमुळे किंमत जितकी कमी झालीय, तितकीच इथे परत जाऊ शकते. नाव फक्त कागदोपत्री असेल तर काय, हे सॉलिसिटरला कागद दाखवूनच ठरव.

एवढं सगळं ऐकूनही घरमालकीण व्हायचंच म्हणत असशील, तर कागद मागायला लाजू नकोस. होम रिपोर्ट भिंती-छपराची तब्येत सांगतो, भाडेकराराचं त्याच्यावर भागत नाही. लँड रजिस्टरमध्येही साधा भाडेकरार दिसत नाही, कारण तिथे २० वर्षांहून मोठेच करार नोंदतात. म्हणून मूळ करार, दिलेल्या नोटिसा, भाडं जमा झाल्याच्या नोंदी, सामानाची यादी, दरवर्षीचं गॅस सर्टिफिकेट आणि पाच वर्षांतला विजेचा रिपोर्ट, सगळं माग. डिपॉझिट तीन मान्यताप्राप्त स्कीमपैकी एकीत ठेवलंय याचा पुरावा बघ, आणि मालकी बदलताच तिथे तुझं नाव लाव, कारण उद्या भाडेकरू हिशेब तुझ्याकडेच मागेल. एकमेकांच्या नात्यात नसलेले तीन किंवा जास्त जण राहत असतील, तर एचएमओ लायसन्स लागतं. विकणाऱ्याच्या लायसन्सवर विसंबू नकोस, कौन्सिलला आधीच विचार. आणि कौन्सिलकडे लँडलॉर्ड म्हणून नाव नोंदवल्याशिवाय भाडं घेऊ नकोस, त्याचा दंड ५०,००० पौंडांपर्यंत जातो. ही नोंदणी दर तीन वर्षांनी करावी लागते.

ताब्याच्या दिवसापासून नळ गळला, हीटर बंद पडला, तर फोन तुला येणार. दुरुस्ती टाळलीस तर भाडेकरू ट्रायब्युनलकडे जाऊ शकतो. भाडं वर्षातून एकदाच वाढवता येतं, तेही तीन महिने आधी कळवून, आणि वाढ जास्त वाटली तर तो रेंट ऑफिसरकडे जाऊ शकतो. शिवाय २०२५ च्या नव्या कायद्याने सरकारला काही भाग भाडे-नियंत्रणाखाली आणायचा अधिकार दिलाय. तिथे वाढ महागाईच्या दरावर एक टक्का, आणि कितीही झालं तरी सहा टक्क्यांच्या आत. तेव्हा “आत्ता भाडं कमी आहे, नंतर वाढवू” हा हिशेब धरू नकोस.

भाडेकरूला मात्र भेट. वेळ ठरवून, त्याच्या परवानगीने, एजंटच्या घाईशिवाय. तू स्वतः आज भाड्याने राहतेस, तुझाही करार याच कायद्याखाली आहे. तुझं घर विकायला निघालं असतं, तर नवीन माणसाने तुझ्याशी कसं बोलावं असं वाटलं असतं? तसंच बोल. कदाचित तो स्वतःच दुसरीकडे जाणार असेल. २८ दिवसांची लेखी सूचना देऊन भाडेकरू कधीही करार संपवू शकतो, पण ती त्याने स्वखुशीने दिलेली हवी. दबाव आणून घेतलेली सूचना कायदा मानत नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. तुला तिथे राहायचं असेल, तर मिसिव्ह्जमध्येच, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सॉलिसिटरांमधल्या करारपत्रांतच, लिहून घे की ताब्याच्या दिवशी घर पूर्ण रिकामं मिळेल, आणि नाही मिळालं तर तुला माघार घेता येईल. रिकामं करून घ्यायचं काम आणि त्याचा धोका विकणाऱ्याकडेच राहू दे. तो कबूल झाला नाही, तर तो फ्लॅट सोड. गुंतवणूक म्हणूनच घ्यायचा असेल, तर मिसिव्ह्जमध्ये कराराचा प्रकार, भाडं, थकबाकी कोणाची आणि डिपॉझिट कुठे हे सगळं विकणाऱ्याकडून हमी म्हणून लिहून घे. मिसिव्ह्ज पक्के होईपर्यंत इथे दोन्ही बाजूंना मागे फिरता येतं, नंतर नाही. म्हणून एजंट कितीही घाई करू दे, सॉलिसिटरने भाडेकरार वाचेपर्यंत सही नको. आणि बाबांना आजच फोन करून पुण्याच्या फ्लॅटचे कागद मागव, कारण ऑफर किती टाकायची हे त्यावरच ठरणार आहे.